जिथे माणूस नाही, तिथला पाऊस



ईस्टरचा सण झाला, मुलांच्या परीक्षा संपल्या, की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी गोराई, वसई, फार तर अलिबाग एवढ्यावर भागत असे. आता तरुण मंडळींना गर्दीची ठिकाणे नकोशी वाटतात. "एखाद्या बेटावर जाऊ या. सकाळी जायचे, संध्याकाळी परत यायचे. तिथे कोणीच नसते!" असे कोणी म्हणाले की सर्वांचे चेहरे खुलतात. आपल्या भागातील कितीतरी मुले मोठ्या प्रवासी बोटींवर नोकरी करतात. कॅरिबियन समुद्रातील बेटांचे फोटो ती घरी पाठवतात. पांढरी वाळू, निळेशार पाणी, नारळाची झाडे आणि माणसाचा मागमूस नाही. फोटो पाहून घरातल्यांना वाटते, एक दिवस तरी आपल्याला अशा ठिकाणी जायला मिळावे.

"तिथे कोणीच नसते." आज ह्या एका वाक्यावर थोडा विचार करू या. ते साधे दिसते, पण त्याचे तीन अर्थ होतात. पहिला अर्थ, तिथे आपल्याला त्रास देणारे कोणी नसते. दुसरा अर्थ, तिथे आपल्याला पाहणारे कोणी नसते. तिसरा अर्थ, ती जागा कोणाचीच नसते, म्हणून तिथे कोणाला काही विचारायची गरज नाही. ह्यातला पहिला अर्थ चांगला आहे. दुसऱ्यात मोह आहे. तिसरा तर चक्क खोटा आहे. पण आपण हे तिन्ही अर्थ एका दमात बोलून जातो आणि चांगल्याच्या पाठोपाठ खोटेही होडीत चढून बसते.

होडीत बसून एकांताकडे

पहिल्या अर्थापासून सुरुवात करू या. सहल म्हणजे पैशांची आणि वेळेची उधळपट्टी, असे काही ज्येष्ठ मंडळींना वाटते. पण संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून पाहा. प्रेषित गावोगाव फिरून, शिकवण देऊन, आजाऱ्यांना बरे करून परत आले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांची एवढी रीघ लागली होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा प्रभू येशूने त्यांना आणखी काम सांगितले नाही. एखाद्या निर्जन ठिकाणी जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. आणि ते गेले कसे? होडीतून! दांड्याच्या माणसाला ह्याचे स्पष्टीकरण द्यायला नको. ज्या होडीने पोट भरायचे, त्याच होडीने एक दिवस विश्रांतीला जायचे, ही गोष्ट प्रभूच्या मित्रांनीही केली आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. पहाटे ससून डॉकला किंवा बाजाराला पळायचे, दिवसभर लाऊडस्पीकर आणि गाड्यांचा आवाज, रात्री पाण्याची वाट पाहायची. अशा जीवनात आकाश आणि समुद्र एवढेच समोर असलेली एखादी जागा हवीशी वाटणे ही चैन नव्हे. शरीराला आणि आत्म्याला तिची गरज असते. परमेश्वराने सहा दिवसांनंतर विसाव्याचा दिवस नेमला, तो ह्याचसाठी. तेव्हा सहलीला जरूर जावे. प्रश्न एवढाच, की तिथे कोण होऊन जावे?

तिथे पाहणारे कोणी नसते

आपल्याला जवळचे उदाहरण घ्यायचे तर खांदेरीचे घेता येईल. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. खांदेरीवर गावठाण नाही, बाजार नाही. पडका तट आहे, तोफा आहेत, कोळी बांधव ज्याला मान देतात ते वेताळाचे देऊळ आहे आणि १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे. थळहून कोळ्यांची होडी भाड्याने करून लोक तिथे जातात आणि दिवस मावळण्यापूर्वी परततात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यात खांदेरी आहे. म्हणजे जाणाऱ्यांची संख्या आता वाढणार.

होडी किनाऱ्याला लागते. सगळे उतरतात, गाणी होतात, डबे उघडतात. आणि जेवण झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. थर्माकोलच्या प्लेटी, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, काही ठिकाणी दुसऱ्या बाटल्याही. दांड्याच्या गल्लीत ह्यातले काही टाकले तर समोरच्या दारातली मावशी लगेच हाक मारील, "काय रे, हे तुझ्या बापाचे अंगण आहे काय?" बेटावर ती मावशी नसते. तिथे दगडावर नाव कोरले तरी कोणी हटकत नाही. कोणी जास्त प्यायले, कोणी एखाद्या मुलीला नको ते बोलले, तरी 'इथली गोष्ट इथेच राहील' असे म्हणता येते.

अशा वेळी आपल्यालाच आपली ओळख पटते. आपण घरी स्वच्छ आणि सभ्य वागतो, ते चांगुलपणामुळे की शेजाऱ्याच्या लाजेमुळे? लाज वाईट नाही. तिने पुष्कळ संसार सावरले आहेत. पण लाज किनाऱ्यापर्यंतच सोबत येते. पुढे आपल्याबरोबर येते ती फक्त सदसद्विवेकबुद्धी. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दान, प्रार्थना आणि उपवास ह्यांविषयी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की गुप्तात पाहणारा आपला पिता आहे. आपण हे वचन बहुधा चांगल्या कृत्यांपुरते ऐकतो. पण गुप्तात पाहणारा पिता रिकामी बाटली फेकणारा हातही पाहतो.

आणि फेकलेली बाटली तिथेच राहत नाही, हे कोळ्याहून अधिक कोणाला ठाऊक? भरती येते आणि ती उचलून नेते. आज जाळे ओढले की मासळीबरोबर प्लास्टिक किती येते, ते तांडेलाला विचारा. ते निवडण्यात खलाशांचे किती तास जातात, तेही विचारा. बेटावर आपल्याला शेजारी दिसला नाही म्हणून शेजारी नव्हता असे नाही. तो चार कोसांवर जाळे टाकून बसला होता.

ह्या बाबतीत त्याच बेटावरचे दीपगृह आपल्याला एक धडा देते. दीपगृहाचा रखवालदार निर्जन बेटावर राहिला तो मजेसाठी नव्हे. अंधारात, वादळात, कोणी पाहत नसताना त्याने दिवा जळता ठेवला. ज्यांच्यासाठी ठेवला त्यांची तोंडेही त्याने कधी पाहिली नाहीत. दिवा एखाद्या रात्री लावला नसता तर दुसऱ्या दिवशी बेटावर येऊन जाब विचारणारे कोणी नव्हते. पण समुद्रात एखादी होडी खडकावर आपटली असती. माणूस एकटा असतानाही किती जणांचा ऋणी असतो, हे ह्याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

ती जागा कोणाचीच नसते

आता तिसरा अर्थ. ह्यासाठी मुलांनी पाठवलेल्या फोटोंकडे परत जाऊ. कॅरिबियनच्या सफरीवर जाणाऱ्या अनेक बोटी बहामा बेटांवर थांबतात. तिथे सुमारे ७०० लहानमोठी बेटे आहेत आणि वस्ती आहे ती त्यांपैकी सुमारे ३० बेटांवर. १९७७ साली नॉर्वेजियन ह्या जहाज कंपनीने त्यांतले ग्रेट स्टिरप के नावाचे छोटे बेट फक्त आपल्या प्रवाशांसाठी घेतले. सकाळी बोट येते, हजारो माणसे उतरतात, वाळूत दिवस घालवतात आणि संध्याकाळी निघून जातात. पुढे इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. त्या किनाऱ्यावर टॉवेल देणारा, सरबत भरणारा, कचरा उचलणारा मुलगा कदाचित मुंबईचा, वसईचा किंवा गोव्याचा असतो. 'निर्जन' बेटावर तोही माणसांत मोजला जात नाही!

पण ही बेटे मुळात निर्जन होती काय? नाही. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला ते बहामातलेच होते. तिथे लुकायन लोक राहत. मासेमारी करीत, झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्या चालवीत, कापूस पिकवीत. कोलंबसाने त्या बेटाला सान साल्वादोर, म्हणजे पवित्र तारणारा, असे नाव दिले. पण त्या बेटांवर सोने सापडले नाही. म्हणून स्पॅनिश लोकांनी त्यांना 'निरुपयोगी बेटे' ठरवले आणि तिथली माणसे पकडून हिस्पानिओला बेटावरच्या खाणींत आणि पुढे मोती काढण्याच्या कामावर नेली. जेमतेम तीस वर्षांत बेटे ओस पडली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तिथे जवळजवळ कोणी राहत नव्हते. आज त्या शांत किनाऱ्याचे कौतुक करताना कोणाच्या मनात हे येत नाही, की ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती माणसांना उचलून नेऊन तयार झालेली आहे.

हे करणारे आपल्याच श्रद्धेचे होते, हे आपण लपवू नये. पण ह्याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तोही ख्रिस्तसभेतूनच, हेही विसरू नये. १५११ सालच्या आगमनकाळातील एका रविवारी हिस्पानिओला बेटावर सांतो दोमिंगो येथे आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचे डॉमिनिकन धर्मगुरू प्रवचनाला उभे राहिले. समोर गव्हर्नरचे कुटुंब आणि मोठमोठे जमीनदार बसले होते. प्रवचनाचा विषय होता अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी. मोंतेसिनोस ह्यांनी त्यांना सरळ विचारले, की ही माणसे नाहीत काय, ह्यांना आत्मा नाही काय, तुम्ही कोणत्या अधिकाराने ह्यांना गुलाम केले? जमीनदार संतापले आणि तक्रार करायला मठात गेले. पुढच्या रविवारी ते शब्द मागे घेतील अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी तेच पुन्हा अधिक ठामपणे सांगितले. हा प्रसंग लिहून ठेवणारे बार्तोलोमे दे लास कासास हे स्वतः अशा मजुरांचे मालक होते. १५१४ साली त्यांनी ते सारे सोडले आणि पुढचे आयुष्य त्या लोकांची बाजू मांडण्यात घालवले.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. 'तिथे कोणी नाही' हे वाक्य पुष्कळदा 'तिथल्यांना आम्ही मोजत नाही' असे असते. आणि हे दांड्याच्या माणसाला परदेशातून शिकायला नको. जिथे आपण जाळी विणतो, बोंबील वाळवतो, होड्या ओढून ठेवतो, ती जागा बाहेरच्या माणसाला रिकामी दिसते. आपल्या समोरचा समुद्र नकाशावर कोरा निळा असतो. कोणत्या हंगामात कुठे जाळे टाकायचे, कोणता खडक कुठे आहे, होडीची वाट कोणती, हे त्या निळ्या रंगात कोणालाच दिसत नाही. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम निघाले तेव्हा कोळी बांधवांना हेच समजावून सांगावे लागले, की इथे आम्ही आहोत. ज्यांना स्वतःविषयी हे सांगावे लागते, त्यांनी दुसऱ्या जागेला 'कोणाचीच नाही' म्हणताना दोनदा विचार करायला हवा.

जिथे खरोखरच माणूस नाही

कोणी म्हणेल, "बरे, बहामात माणसे होती. पण एखाद्या खडकावर खरोखरच कधी कोणी राहिले नसेल तर?"

पवित्र शास्त्रात ह्याला उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे. ईयोबाच्या पुस्तकात अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वादळातून बोलतो आणि ईयोबाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. त्यातला एक प्रश्न असा आहे की ज्या भूमीवर माणूस नाही, तिथे पाऊस कोण पाडतो? विचार करा. तिथे शेत नाही, शेतकरी नाही, विहीर नाही. आपल्या हिशेबाने तो पाऊस वाया गेला. पण देव तो पाडतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही समुद्रातले जीव आणि पक्षी पाचव्या दिवशी निर्माण झाले आणि देवाने ते चांगले आहे असे पाहिले. माणूस तेव्हा अजून यायचा होता! म्हणजे बेटाला किंमत यायला आपण तिथे जाण्याची गरज नव्हती. आषाढात एकही होडी खांदेरीकडे जात नाही, तेव्हाही तिथे पाऊस पडतो, गवत उगवते, पक्षी आडोशाला बसतात. त्या दिवसांतही ते बेट देवाच्या नजरेत असते.

हे न उमगल्याने काय होते, ते आपल्याच किनाऱ्यावर दिसले आहे. वेंगुर्ल्याच्या समुद्रात खडकांची काही बेटे आहेत. त्यांतल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. ही घरटी लाळेने चिकटवलेली असतात आणि पूर्वेकडच्या देशांत त्यांचे सूप महागड्या दराने विकले जाते. म्हणून निर्जन गुहांतून ती खरवडून चोरली जात. घरट्यात अंडे असो की पिल्लू असो, कोण पाहतो? २००० नंतरच्या वर्षांत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने त्या पाकोळ्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. ज्या पक्ष्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी उभे राहिले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लौदातो सी' ह्या परिपत्रकात हाच विचार मांडला, की प्रत्येक जीवाला स्वतःची किंमत आहे, ती केवळ माणसाच्या उपयोगावरून ठरत नाही.

मग माणूस आणि पाकोळी सारखीच काय? नाही. ख्रिस्तसभा असे शिकवत नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. थळच्या कोळ्याला आपल्या भाड्यातून चार पैसे मिळतात, तेही महत्त्वाचे आहे. म्हणून बेटावर जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला सृष्टीवर अधिकार दिला आहे, पण लगेच पुढच्या अध्यायात त्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मालकाने बंगला राखायला दिला म्हणून रखवालदाराने तिथले दरवाजे विकायचे नसतात.

आणि राखण म्हणजे काय, हे आपले पूर्वज जाणत होते. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत, दर्यात जायचे नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या. आज जून आणि जुलै असे दोन महिने सरकारी बंदी असते, पण तिच्या आधीपासून ही शिस्त आपल्या कोळीवाड्यात होती. धर्म कोणताही असो, दर्याला विश्रांती देणारे हे लोक होते. आपण विसावा घ्यायचा, तसा सृष्टीलाही द्यायचा. बेटावर एक दिवस जाणे आणि बाकीचे दिवस ते बेट त्याचे त्याला सोडून देणे, ह्यातही तेच शहाणपण आहे.

बारा टोपल्या

शेवटी पुन्हा त्या शुभवर्तमानाकडे येऊ. प्रभूची होडी निर्जन ठिकाणी पोहोचली तेव्हा लोक पायीच धावत आधी तिथे येऊन थांबले होते. सुट्टीचा बेत फसला! पण प्रभू चिडला नाही. त्याला त्यांचा कळवळा आला. ही जागा ओसाड आहे, लोकांना जाऊ द्या, असे शिष्य म्हणाले. त्याने त्यांना तिथेच जेवू घातले. आणि संत योहान सांगतो की सर्व जण तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. भाकरीचे तुकडे तर पाखरांनीही खाल्ले असते. ओसाड रानात कोणी नावही ठेवले नसते. तरी ज्याने पाच हजारांना पुरवले त्याने उरलेसुरले उचलायला सांगितले.

म्हणून ह्या वर्षी सहलीला निघताना, मग ती खांदेरीची असो वा आणखी कुठली, डब्यांबरोबर दोन रिकाम्या गोणीही घेऊ या. जेवढे नेले तेवढे परत आणू या, जमल्यास आधीच्यांनी टाकलेलेही थोडे उचलू या. दगडावर नाव कोरायला नको. पक्ष्यांच्या घरट्यांजवळ आरडाओरडा नको. होडीवाल्याशी भाड्याची घासाघीस करताना त्याच्या घरीही मुले आहेत हे आठवू या. अर्धा तास सर्वांनी मोबाईल बंद ठेवून शांत बसू या. ज्या शांततेसाठी एवढ्या लांब आलो, ती आपल्याच आवाजात बुडवायला नको. आणि संध्याकाळी थकून धक्क्यावर उतरल्यावर कोणी मदत मागितली, घरी म्हाताऱ्या आईने पाय चेपायला सांगितले, तर प्रभूला त्या गर्दीचा कळवळा आला होता हे ध्यानात ठेवू या. विश्रांती खरोखर मिळाली की नाही, ते तेव्हाच कळेल.

हे प्रभो, आम्ही नसतानाही ज्या खडकांवर तू पाऊस पाडतोस, तिथे पाहुण्यासारखे वागायला आम्हांला शिकव. कोणी पाहत नसताना आम्हांला सांभाळ. आणि ज्यांना जग मोजत नाही त्यांना ओळखणारी दृष्टी आम्हांला दे. आमेन.